प्रतिज्ञापत्रात जमीन लपवली, वर्ष उलटलं. आता काहीच करता येत नाही का?

कोरडवाहू (फेब्रुवारी २०२६)

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण मधलं काही गाळलं तर नीट समजणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या वाटणीचा फेरफार नोंदवायला तलाठी कार्यालयात गेलो होतो. गट नंबर सांगताना माझा एक आकडा चुकला आणि स्क्रीनवर भलताच सातबारा आला. भोगवटादाराच्या जागी आमच्या आमदारांच्या पत्नीचं नाव. एक हेक्टर ६८ आर, विहीर बागायत, खरेदीखतावरून २०२१ चा फेरफार. मी काही बोललो नाही. घरी येऊन पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवला. मग निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचं त्यांचं प्रतिज्ञापत्र काढलं. पत्नीच्या शेतजमिनीच्या रकान्यात 'निरंक'.

मी त्यांना मत दिलं होतं. त्यांच्यासाठी वस्तीवर पायी फिरलो होतो, म्हणून जास्त लागलं.

११ सप्टेंबरला पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. मग चकरा सुरू. एकदा 'साहेब बंदोबस्तात आहेत', एकदा 'चौकशीवर आहे', एकदा 'वरून अभिप्राय मागवलाय'. डिसेंबरात सांगितलं की या गुन्ह्याची मुदत एक वर्ष, प्रतिज्ञापत्र ऑक्टोबर २०२४ चं, म्हणजे मुदत ऑक्टोबर २०२५ ला संपली, अर्ज दप्तरी दाखल केला आहे. मी अर्ज दिला तेव्हा महिना-दीड महिना शिल्लक होता!

पुढाऱ्यांवरच्या गुन्ह्यांना खरंच अशी मुदत असते का? आणि असेल तर ती माझ्यासाठीच का? अर्जावर बसून राहणाऱ्याला नाही का?

सडेतोड

साफ थाप मारली तुम्हाला. फौजदारी गुन्ह्याला मुदत नसते, मुदत दिवाणी दाव्याला असते. पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करा.

रोजनामा

सडेतोड, थोडं थांबा. एक वर्षाचा आकडा खोटा नाही. ते वर्ष मोजायचं कुठून, तिथे गोम आहे.

मी वकील नाही. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ लाचलुचपतीच्या विशेष न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून. रोजनामा लिहिणं, समन्स काढणं, मुद्देमाल जुळवणं हे माझं काम. त्या टेबलावरून जे दिसलं ते सांगते.

फौजदारी गुन्ह्याची मुदत शिक्षेवरून ठरते. आरोपी आमदार आहे की हमाल, हे कायदा विचारत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४. गुन्ह्याला नुसता दंड असेल तर सहा महिने. वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष. एक ते तीन वर्षं कैद असेल तर तीन वर्षं. त्याहून मोठ्या गुन्ह्याला मुदतच नाही. लाच घेतली तर तीन ते सात वर्षं कैद, म्हणून लाचेचा गुन्हा वीस वर्षांनीही जिवंत असतो. सडेतोड म्हणतात ते तिथे बरोबर आहे.

पण तुमचं प्रकरण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खालचं. खोटी माहिती देणं, माहिती लपवणं. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. म्हणून मुदत एक वर्ष. मतदाराला पैसे वाटण्याचा गुन्हा घ्या, एक वर्षापर्यंत कैद, मुदत पुन्हा एकच वर्ष. निवडणूक खर्चाचा हिशेब न ठेवणं, नुसता दंड, मुदत सहा महिने. म्हणजे ज्या गुन्ह्यांच्या जोरावर माणूस पाच वर्षं खुर्चीवर बसतो, त्यांचीच मुदत सगळ्यांत तोकडी. वर्षभर गप्प राहिलं की उरलेली चार वर्षं निर्धास्त. हे मला नोकरीतही खुपायचं आणि आजही खुपतं.

विधी आयोगाला हे दिसलं होतं. फेब्रुवारी २०१४ च्या २४४ व्या अहवालात त्यांनी सुचवलं की खोट्या प्रतिज्ञापत्राला किमान दोन वर्षं कैद करा आणि दोषी ठरला की अपात्रही ठरवा. एवढी एक दुरुस्ती झाली असती तर मुदत आपोआप किमान तीन वर्षांवर गेली असती. सहा महिन्यांचे सहा महिनेच राहिले.

आता तुमचं. कलम ५१५ वाचा. मुदत साधारणपणे गुन्हा घडला त्या दिवसापासून धावते. पण गुन्हा झाल्याचं पीडित व्यक्तीला किंवा पोलिसांना माहीतच नसेल, तर दोघांपैकी ज्याला आधी कळलं त्या दिवसापासून. तुम्हाला ऑगस्ट २०२५ मध्ये कळलं. त्या हिशेबाने तुमचं वर्ष ऑगस्ट २०२६ ला भरतं. तुमच्या हातात अजून सहा महिने आहेत, दादा.

आणि पोलिसांकडे आता जाऊ नका. हा अदखलपात्र गुन्हा आहे, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपासच करता येत नाही. हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ५१४ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की मुदत मोजताना न्यायालयात फिर्याद दिल्याची तारीख धरायची, किंवा कलम १७३ खाली ठाण्यात खबर नोंदवल्याची. अदखलपात्राची नोंद १७४ खाली होते. म्हणजे तुमचा ११ सप्टेंबरचा अर्ज मुदत थांबवायला उपयोगाचा नाही. तुम्ही थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद द्या. तिथे एकदा तारखेचा शिक्का पडला की पुढे कोर्टाने दखल घ्यायला दोन वर्षं लावली तरी तुमचं नुकसान नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात हे कायमचं मिटवलंय.

एक विचारायचं राहिलं. ऑगस्टमध्येच कळलं, याचा तुमच्याकडे कागद आहे का?

तालुका_वकील

रोजनामा ताईंनी बरंच काम हलकं केलं. मी आरोपीच्या बाजूने उभा असतो तर काय म्हणालो असतो ते सांगतो, म्हणजे तयारी होईल.

पहिला मुद्दा, 'पीडित' कोण? साधा मतदार पीडित ठरतो का? यावर जोरदार भांडण होईल. तुम्ही त्याच मतदारसंघाचे मतदार आहात, त्या प्रतिज्ञापत्रावर विसंबून मत दिलंत, हे फिर्यादीत पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. मतदार यादीतलं पान जोडा. दुसरा, प्रतिज्ञापत्र तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी खुलं होतं, मग कळलं नाही कसं म्हणता? याचं उत्तर सोपं आहे. प्रतिज्ञापत्र खुलं होतं, त्यातला खोटेपणा खुला नव्हता. तो सातबारा पाहिल्यावर कळला.

तरीही फिर्यादीसोबत कलम ५१९ खाली विलंबमाफीचा अर्ज द्याच. न्यायालयाने मुदत गुन्ह्याच्या तारखेपासून धरली तर हाताशी असावा. पोलीस ठाण्याच्या चकरा तिथे उपयोगी पडतील. तारीखवार लिहा.

निवडणूक याचिकेची वाट बंद आहे. निकालापासून ४५ दिवस. निकाल २३ नोव्हेंबर २०२४ चा, म्हणजे ७ जानेवारी २०२५ ला संपलं.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटलंय की उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू दाखवलीच पाहिजे असं नाही, ती स्वतःच मोठ्या किमतीची किंवा त्याची राहणी दाखवणारी असेल तरच. आरोपीचे वकील हा निकाल पुढे करतील. तो जंगम मालमत्तेबद्दल आहे आणि पावणेदोन हेक्टर बागायत म्हणजे मनगटावरचं घड्याळ नव्हे. पण प्रतिज्ञापत्र देण्याआधी ती जमीन विकली गेली नव्हती ना, हे मात्र पक्कं बघा. २०२१ नंतरचे सगळे फेरफार काढा.

माजी_सरपंचबाई

मला दुसरी बाजू सांगायची आहे. रागावू नका.

मी राखीव जागेवर सरपंच झाले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. कार्यकाळ संपून चार वर्षं झाल्यावर, पुढची निवडणूक तोंडावर आली तेव्हा, शौचालयाच्या अनुदानात अपहार केला म्हणून माझ्यावर गुन्हा दाखल झाला. तेरा वर्षं केस चालली. तेरा वर्षांत दोन ग्रामसेवक बदलले, एक वारले. मूळ मोजमाप पुस्तिका कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. ती पुस्तिकाच माझा पुरावा होती. त्यात काम झाल्याच्या नोंदी आणि सह्या होत्या. निर्दोष सुटले, पण तोपर्यंत मुलीच्या सोयरिकीत दोनदा विचारलं गेलं, 'आईवर केस आहे ना?'

म्हणून मला मुदत हवीशी वाटते. पुढाऱ्यावर कधीही, कितीही जुनी केस काढता येते असं झालं, तर ती केस सत्तेवर असलेल्याच्या खिशात राहते. पाहिजे तेव्हा काढायची, पक्ष बदलला की परत खिशात.

कोरडवाहू भाऊ, तुमचं वेगळं आहे हे कळतं. तुमचा कागद बोलतोय.

रोजनामा

सरपंचताई, रागावायचं काय त्यात. तुमच्यासारख्या बायका मी आरोपीच्या पिंजऱ्यात पाहिल्यात. डबा घेऊन यायच्या आणि तारीख मिळाली की तसाच परत न्यायच्या.

तुम्ही म्हणता त्यातलं अर्धं मला पटतं. तक्रार करायची मुदत आणि खटला संपवायची मुदत, या दोन गोष्टी आपण एकाच नावाने बोलतो. तुम्हाला तेरा वर्षं लागली ती दुसऱ्या मुदतीअभावी. या दोन मुदतींना आपल्याकडे मिळणारी वागणूक बघा.

तक्रारदाराची मुदत कडक. खोटं प्रतिज्ञापत्र एक वर्ष. महाराष्ट्राच्या १९७१ च्या लोकायुक्त कायद्यात आरोपाची तक्रार तीन वर्षांच्या आत हवी. २०१३ च्या लोकपाल कायद्याच्या कलम ५३ मध्ये सात वर्षं, त्याच्यापुढची तक्रार लोकपाल हातच लावू शकत नाही. खासदाराचा सलग दोन टर्मचा काळ दहा वर्षांचा, तेव्हा पहिल्या टर्ममधलं काही बाहेर येईपर्यंत ते दार लागलेलं असतं.

आता सरकारची मुदत बघा. आमच्या न्यायालयात पहिला अडथळा मंजुरीचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी आल्याशिवाय न्यायालयाला दखलच घेता येत नाही. तीन महिन्यांत मंजुरीवर निर्णय घ्या, फार तर आणखी एक महिना, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीत नारायण प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्येच सांगितलं. २०१८ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आलं. आणि ती मुदत मोडली तर? ऑक्टोबर २०२२ मध्ये विजय राजमोहन प्रकरणात न्यायालय म्हणालं की मुदत बंधनकारक आहे, उशीर करणारा अधिकारी जबाबदार धरावा, पण उशिरामुळे खटला रद्द होणार नाही. खटला रद्द होऊ नये हे मलाही मान्य. पण उशीर केला म्हणून कुणाला कागदावर जबाबदार धरलेलं मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नाही. फाईल मंत्रालयात जाते, आम्ही रोजनाम्यात लिहितो 'मंजुरी अप्राप्त', पुढची तारीख देतो.

खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करा, मुदतवाढ घेत घेत फार तर चार वर्षं, हे २०१८ पासून त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. मोडलं तर काय, ते लिहिलेलं नाही.

तुम्ही मोजमाप पुस्तिकेचं लिहिलंत म्हणून एक सांगते. सापळ्याच्या केसमध्ये नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात. लाच घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. ते पाणी बाटलीत भरून, लाख लावून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवून मुद्देमालात ठेवतात. एका नगरसेवकाच्या केसमध्ये ती बाटली मी कपाटातून काढून टेबलावर ठेवली तेव्हा सापळ्याला अकरा वर्षं झाली होती. पाणी पांढरंफटक. तळाशी पिवळट गाळ. चिठ्ठीवरच्या एका पंचाची सही ओलीने उडालेली. रसायन तपासणीचा अहवाल कागदावर होता, त्याने कायद्याचं भागतं. पण पंच साक्षीला उभा राहिला, बाटलीकडे बघितलं आणि म्हणाला, 'साहेब, हीच का ते मला आता सांगता येत नाही.' तो फितूर झाला नव्हता. खरंच त्याला सांगता येत नव्हतं. सत्तरीचा माणूस, अकरा वर्षांपूर्वीची अर्ध्या तासाची गोष्ट. आरोपी सुटला. तो दोषी होता की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात वाईट वाटते. निर्दोष असेल तर त्यालाही ते कधी नीट सिद्ध करता आलं नाही.

जयललितांची केस सगळ्यांना आठवत असेल. बेहिशेबी मालमत्तेची तक्रार १९९६ ची. बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१४ ला दोषी ठरवलं, मे २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने सोडलं, ५ डिसेंबर २०१६ ला त्या वारल्या. १४ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सहआरोपी शशिकलांना चार वर्षांची शिक्षा कायम केली, पण जयललितांपुरतं अपील मृत्यूमुळे संपुष्टात आलं होतं. अपराधी होत्या म्हणणाऱ्यांचंही समाधान नाही, नव्हत्या म्हणणाऱ्यांचंही नाही.

आणि आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण म्हणजे माजी मुख्यमंत्री अंतुले. रामदास नायकांची तक्रार १९८२ ची. त्या एका प्रकरणाने १९८४ मध्ये ठरवलं की तेव्हाच्या कायद्याप्रमाणे आमदार मंत्रिपदावरून उतरला की त्या पदासाठीची मंजुरी लागत नाही. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींनी खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आधीचा आदेशच चुकीचा ठरवला. १० डिसेंबर १९९१ ला घटनापीठ म्हणालं की जलद सुनावणी हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, पण खटला अमुक वर्षांत संपलाच पाहिजे अशी मुदत आम्ही घालून देणार नाही. २००२ मध्ये सात न्यायमूर्तींनी तेच पुन्हा सांगितलं. न्यायालयाचं म्हणणं मला समजतं. मुदत संपली म्हणून खटला गुंडाळायचा ठरलं तर ज्याच्याकडे पैसे आहेत तो मुदत संपेपर्यंत तारखा घेत बसेल. मी अशा तारखा रोज लिहिल्यात.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे, ताई. उशिराची किंमत ज्याने उशीर केला त्याच्याकडून घ्या. मंजुरीची फाईल चार महिन्यांच्या वर राहिली तर कुणाच्या टेबलावर किती दिवस होती हे न्यायालयात लेखी द्यावं लागू दे. आज तो हिशेब फक्त कोरडवाहू दादांकडून मागितला जातो.

स्पर्धापरीक्षा_२०२६

अभ्यासात वाचलेलं सांगतो. ग्रीसच्या राज्यघटनेत अनुच्छेद ८६ खाली मंत्र्यावर खटल्याचा निर्णय फक्त संसदच घेऊ शकते. वर मुदत अशी होती की गुन्ह्यानंतर निवडून आलेल्या संसदेचं दुसरं नियमित अधिवेशन संपलं की तो अधिकारच संपायचा. २०१९ च्या घटनादुरुस्तीत ही मुदत काढून टाकली. माजी संरक्षणमंत्री त्सोहात्झोपुलोस यांना २०१३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली ती काळा पैसा पांढरा केल्याबद्दल. इटलीत माजी पंतप्रधान बर्लुस्कोनींवरचा, मिल्स नावाच्या वकिलाला लाच दिल्याचा खटला फेब्रुवारी २०१२ मध्ये मुदत संपली म्हणून निकाली निघाला.

मला फ्रान्सची पद्धत आवडली. राष्ट्राध्यक्ष पदावर असेतो खटला नाही, पण तेवढा काळ मुदतही धावत नाही. शिराक पदावरून उतरल्यावर, डिसेंबर २०११ मध्ये, पॅरिसचे महापौर असतानाच्या गैरव्यवहाराबद्दल दोषी ठरले. आपल्याकडे १२५अ ला असं काही करता येणार नाही का? निवडून आला तर त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत वर्ष मोजायला सुरुवातच करायची नाही.

रोजनामा

बाळा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आपल्याकडे आमदार पदावर असतानाही खटला चालतो, तेव्हा फ्रान्सचं कारण तसंच्या तसं लागू नाही. पण पदावर असताना गावात कुणी तोंड उघडत नाही, हे कारण आपलं स्वतःचं आहे.

कोरडवाहू

सगळ्यांचा आभारी आहे. चार दिवस नेटवर्क नव्हतं, आज लिहितो.

ताईंनी कागद विचारला होता. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर उतरवल्याची तारीख आणि वेळ छापलेली असते, हे मी आज पाहिलं. १९ ऑगस्ट २०२५, दुपारी १२ वाजून ४१ मिनिटं. पंधरा रुपयांची पावतीही मोबाईलमध्ये सापडली. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पुढचे फेरफार काढले. विक्री नाही, बक्षीसपत्र नाही, २०२३ मध्ये त्याच गटावर पीककर्जाचा बोजा चढलाय. म्हणजे प्रतिज्ञापत्राच्या वर्षभर आधी बँकेत सही करताना जमीन आठवत होती.

तालुक्यातल्या दोन वकिलांनी नम्रपणे नको म्हटलं. त्यांचंही पोट आहे, नावं ठेवत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एक बाई वकील भेटल्या, त्यांनी कागद बघून तिथेच वकीलपत्रावर सही घेतली. विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडतोय. सोमवारी फिर्याद दाखल करायची आहे.

सरपंचताई, फिर्यादीत कागदावर आहे तेवढंच लिहिलंय. वस्तीवर लोक आणखी पुष्कळ बोलतात, त्यातला एक शब्दही घेतलेला नाही.

रोजनामा

फिर्याद दाखल झाली की तिथल्या तिथे दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या आणि शिक्क्यातली तारीख वाचता येते का ते खिडकी सोडायच्या आधी बघा. शाई वाळली असेल तर लाजू नका, परत मारायला सांगा.